दुसऱ्या जागेचं कारण

सेहेचाळिसाव्या वर्षी मी परीक्षेचा अभ्यास करत होतो, आणि हे गावात कुणाला सांगायची सोय नव्हती. हळर्णात या वयाची माणसं मुलांचे निकाल बघतात, स्वतःचे नाही. रविवारी सकाळी स्कूटर काढताना कोणी विचारलंच, "आज सुट्टी मरे, खंय वता?" तर मी "ऑफिसात काम आसा" म्हणून किल्ली फिरवायचो. ते अगदीच खोटं नव्हतं. डिचोलीच्या ऑफिसातल्या सर्व्हरच्या खोलीत बसूनच मी अभ्यास करायचो. घरचं इंटरनेट पाहुण्यासारखं, आलं तर आलं. ऑफिसातलं तारेचं होतं. मात्र ती खोली यंत्रांसाठी थंड ठेवलेली, माणसांसाठी नाही. भर मे महिन्यात मी स्वेटर घालून बसायचो आणि दुपारी तसाच बाहेर चहाला यायचो. गाड्यावरचा माणूस उंडा पाव आणि चहा पुढे करत दर रविवारी तेच विचारायचा, "ताप आसा?" मी सुरुवातीला समजावून सांगितलं. नंतर कंटाळून "आसा" म्हणायला लागलो.

परीक्षा होती व्हर्च्युअलायझेशनच्या रचनेची. हे व्हर्च्युअलायझेशन म्हणजे एका दांडग्या यंत्राच्या पोटात पंचवीस-तीस संगणक चालवायचे. त्या संगणकांना हात लावता येत नाही, ते सगळे सॉफ्टवेअरचे. एक दांडगं यंत्र बंद पडलं तर त्यातले संगणक शेजारच्या यंत्रात चालू झाले पाहिजेत, आणि काउंटरवर बिल करणाऱ्या मुलीला त्याचा पत्ताही लागता कामा नये. हे चालवायचं काम मी कित्येक वर्षं करत होतो. चालवणारे पुष्कळ असतात. ते कसं उभारायचं, किती यंत्रं, कुठे, कशाला कशाशी जोडायचं, हे ठरवणाऱ्यांचं प्रमाणपत्र वेगळं, आणि त्या शिडीवरची ही शेवटची पायरी. त्यासाठी प्रत्यक्ष उभारलेल्या एका कामाचा संपूर्ण आराखडा लिहून द्यायचा. मग तीन जाणकारांसमोर सव्वा तास बसायचं. ते आराखड्यातल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवून "असंच का?" म्हणून विचारणार आणि आपण सांगायचं. पुस्तक पाठ करून भागत नाही, कारण पुस्तक त्या तिघांपैकीच कोणीतरी लिहिलेलं असतं.

मला हे प्रमाणपत्र भिंतीवर लावायला नको होतं. मी ज्यांच्याकडे काम करत होतो ते पात्रांव, म्हणजे आमचे मालक, थकले होते आणि धंदा आवरता घेत होते. वर्ष संपलं की संगणकांचं काम बाहेरच्या माणसांकडे जाणार, असं त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. पुण्यातली एक कंपनी मला घ्यायला तयार होती. प्रमाणपत्र असेल तर आराखडे लिहायचं काम, घरी बसून, हळर्णातून. नसेल तर यंत्रांवर लक्ष ठेवायचं काम, पाळ्यांमध्ये, पुण्यात. म्हणजे बायको आणि मुलगी इथे, आणि मी तिकडे एका खोलीत.

तसं एकदा करून झालं होतं. माझी सुरुवात डिचोलीच्या बाजूला एका खाणीवर, वजनकाट्याच्या संगणकावर झाली. खनिजाने भरलेला ट्रक काट्यावर चढला की आकडा नोंदवायचा, उतरला की पुढचा. लाल धुळीने कीबोर्डची अक्षरं दिसेनाशी व्हायची. खाण बंद पडली, ट्रक दारांत उभे राहिले, आणि मी मस्कतला गेलो. चार वर्षं. मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा गेलो, परत आलो तेव्हा ती माझ्याशी पाहुण्यांशी बोलतात तसं बोलायची. "बसा," म्हणायची. ते मला इतकं लागलं की परत कधी एकटं बाहेर जायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. म्हणून हा सगळा खटाटोप.

परीक्षेला वर्षात दोनदाच बसता येत होतं. आराखड्यासाठी मी पात्रांवांचंच काम निवडलं. पूर्वी त्यांचे ट्रक होते आणि नदीतून खनिज नेणारे बार्ज होते. ते गेल्यावर त्यांनी औषधांचा घाऊक धंदा धरला. डिचोलीला ऑफिस आणि मोठं गोदाम, पेडण्याला उंच सड्यावर दुसरं गोदाम, वाळपईला बाजाराजवळ एक छोटी शाखा. डिचोलीची सर्व्हरची खोली पूर्ण बंद पडली तरी धंदा चालू राहावा, यासाठी दुसरी एक खोली दुसऱ्या गावात हवी होती. पेडण्याची जागा सगळ्या बाजूंनी चांगली होती. नवी इमारत, इंटरनेटच्या तारा दोन बाजूंनी येत होत्या, वीज त्यातल्या त्यात टिकायची. वाळपईला पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे वाळपईच्या माणसांनीही मोजणं सोडून दिलंय. मी कागद करून पात्रांवांसमोर ठेवला. त्यांनी तो नीट वाचला, घडी केली आणि खिशात घातला.

"देवीक विचारूं या," ते म्हणाले.

आमच्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. लग्न, घराचा पाया, विहीर, नवं दुकान, काहीही असो, देवीला कौल लावतात. पात्रांव मला बरोबर घेऊन गेले. भटजींनी पाण्यात बुडवलेल्या फुलांच्या पाकळ्या मूर्तीच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवल्या आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं की हे तुझं लेकरू पेडण्याला आपल्या यंत्रांची दुसरी खोली करू पाहतंय, तुला मान्य असेल तर उजवी दे. आम्ही हात जोडून उभे. मी मनात तारांचा हिशोब करत होतो. बराच वेळ काही पडलं नाही. मग डाव्या खांद्यावरची एक पाकळी सुटली आणि खाली आली. पात्रांवांनी नमस्कार केला, बाहेर येऊन चपला घातल्या आणि म्हणाले, "ना म्हळें तिणें. आतां पेडण्याचें नांव काडूं नाका. वाळपय कर."

मी वाळपई केली. जास्तीच्या बॅटऱ्या, जनरेटर, तारेला जोड म्हणून वायरलेसची दुसरी वाट. जे पेडण्याला साधेपणाने झालं असतं ते वाळपईला चार ठिकाणी ठिगळं लावून केलं. पात्रांवांना मी लिहूनही दिलं होतं की इथे हे हे धोके आहेत. त्यांनी त्यावर सही केली. काम उभं राहिलं आणि चाललं.

आता हे आराखड्यात लिहायची वेळ आली. आराखड्यात बंधनं नावाचा एक भाग असतो. मालकाने आधीच ठरवून टाकलेल्या, आपल्याला बदलता न येणाऱ्या गोष्टी तिथे लिहायच्या. मी त्या भागात जागा कमी, माणसं कमी, असलं सगळं लिहिलं. कौलाचं लिहिताना मात्र माझा हात थांबला. वाचणारे तिघे कुठल्या देशातले असणार कोण जाणे. दोनशे पानांच्या तांत्रिक कागदात, पाकळी डावीकडून पडली म्हणून जागा बदलली, असं लिहायचं? मस्कतला नव्या यंत्रापुढे मी नारळ फोडला होता तेव्हा माझा वरिष्ठ हसता हसता खुर्चीवर बसला होता. ते हसू माझ्या कानात होतं. म्हणून मी वाळपईची निवड स्वतःच्या नावावर घेतली आणि तिला एक तांत्रिक कारण शोधलं. पेडण्याला पुराचा धोका, असं लिहिलं. हळर्णच्या माणसाला पूर सुचणार नाही तर काय सुचणार? आमच्याकडे धरणातून पाणी सोडलं की नदी बागायतीत येते, हे लहानपणापासून बघत आलोय. दोन परिच्छेद झरझर लिहून झाले. वाचून मलाच पटले.

पहिली मुलाखत बुधवारी होती. डिचोलीचा आठवड्याचा बाजार त्याच दिवशी, त्यामुळे ऑफिसातल्या दुसऱ्या एका खोलीत, आवाज नको म्हणून खिडक्या लावून, पंखा बंद करून मी कॅमेऱ्यासमोर बसलो. पडद्यावर तिघेजण. दोन पुरुष आणि एक बाई. बाईंचे केस पांढरे होते आणि त्या अतिशय शांतपणे बोलत होत्या, एखादी मुख्याध्यापिका बोलते तशा. पहिला अर्धा तास बरा गेला. स्टोरेज, नेटवर्क, कुठल्या यंत्रावर किती भार, सगळं मी सांगत गेलो. माझं मलाच कौतुक वाटायला लागलं होतं.

मग बाई म्हणाल्या, "दुसऱ्या जागेकडे येऊ. तुम्ही पूर हे कारण दिलंय. जोडलेल्या छायाचित्रांत त्या गोदामाचं छायाचित्र आहे. ते पठारावर दिसतंय. खाली दरी आहे. पाणी तिथे कुठून येणार?"

सडा. मी स्वतःच काढलेला फोटो. आमच्या सड्यावर पावसाचं पाणीसुद्धा थांबत नाही, वाहून जातं, आणि मी तिथे पूर आणला होता. मी म्हटलं, रस्ता खालून जातो, रस्ता बुडू शकतो. त्यांनी विचारलं, रस्ता बुडाला तर यंत्रांचं काय बिघडतं? मी म्हटलं, माणसं पोहोचू शकत नाहीत. दुसऱ्याने विचारलं, वाळपईला माणसं नेहमी पोहोचतात का? मी सारवासारव करत गेलो. एक कारण उसवलं की दुसरं टाकायचं, ते उसवलं की तिसरं. पंखा बंद असल्याने कॉलरमधून घाम उतरत होता. ते तिघे रागावलेही नाहीत. बाईंनी "ठीक आहे" म्हटलं आणि पुढचा प्रश्न विचारला. पण त्यानंतर माझ्या कुठल्याच उत्तरावर त्यांचा विश्वास नव्हता, हे मला कळत होतं. माझाही राहिला नव्हता.

दहा दिवसांनी निकाल आला. नापास. खाली दोन ओळी होत्या: दुसऱ्या जागेच्या निवडीचं दिलेलं कारण उमेदवाराच्याच पुराव्यांशी जुळत नाही. इतर निर्णयांमागची कारणंही त्यामुळे तपासता आली नाहीत.

दोन दिवस मी ऑफिसात गेलो आणि आलो, एवढंच. थकवा म्हणजे काय ते तेव्हा कळलं. झोपून जात नाही, जेवून जात नाही. पुन्हा तो कागद उघडायचा, पुन्हा तो स्वेटर घालायचा, हे जिवावर आलं होतं. सोडून द्यावं आणि पुण्याला जावं, लोक जातातच की. पुण्याच्या नोकरीचं बायकोला माहीत होतं, पण निकालाचं मी तिला एवढंच सांगितलं होतं की नापास झालो. ती दोडामार्गची, प्राथमिक शाळेत शिकवते. तिसऱ्या दिवशी जेवताना तिने विचारलं, "पण चुकला काय?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच सगळं सांगितलं. कौल, पूर, सडा, फोटो. ती ऐकत होती. मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही.

"मग खरा कित्याक लिवलात नाय?"

"काय लिवू? पाकळी डावी पडली म्हणान?"

"होय. पडली मा? तुमी डोळ्यांनी बघलात मा?" ती म्हणाली. "पोरां माझ्याकडे येतत. घरचा अभ्यास कित्याक नाय केलास म्हणान विचारला तर पोटात दुखला म्हणतत. माका कळता. बकरी हरवली होती म्हणान सांगला असता तर मी काय मारतलंय?"

मला तिचा राग आला. आपण सव्वा तास घाम गाळून आलोय आणि ही चौथीच्या पोरांशी तुलना करते. ताटावरून उठून हात धुवायला गेलो. पण तिचं म्हणणं पाठ सोडेना. मालकाने ठरवलेली, मला न बदलता येणारी गोष्ट. बंधनाची व्याख्याच ती. बंधन शहाणपणाचं असायला हवं असं कुठे लिहिलंय? पात्रांवांनी जागा देवीला विचारून ठरवली की मेहुण्याला विचारून, माझ्यासाठी ते सारखंच होतं. माझं काम होतं ते जसंच्या तसं लिहिणं, त्याने काय नुकसान होतं ते मालकाला सांगणं, आणि त्यातल्या त्यात चांगलं उभं करणं. हे तिन्ही मी प्रत्यक्षात केलं होतं. सही केलेलं पत्रही कपाटात होतं. फक्त कागदावर मी दुसराच माणूस होऊन बसलो होतो.

पुढचे चार महिने परत तेच. रविवार, स्वेटर, चहा, ताप. पुराचे दोन परिच्छेद काढले की बाकीचं आपोआप नीट होईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. तो एक खोटा धागा सगळीकडे गेला होता. वाळपई मीच निवडली म्हटल्यावर तिथल्या बॅटऱ्या, जनरेटर, वायरलेस, सगळ्यांचीच कारणं मी वाकवून लिहिली होती. एकेक सरळ करता करता माझ्या नाकी नऊ आले. डोळ्यांचा नंबर वाढला. मान इतकी धरली की स्कूटरवर मागे वळून बघता येईना, कासारपालच्या वळणावर एकदा जेमतेम वाचलो. पण लिहायला जड जात नव्हतं, हे खरं. बंधनांच्या भागात सातवं बंधन म्हणून मी लिहिलं: पेडणे येथील जागा मालकाने आपल्या कुलदेवतेचा कौल घेऊन नाकारली आहे. ही जागा तांत्रिकदृष्ट्या सरस होती. निर्णय मालकाचा आहे.

ते इंग्रजीत लिहून झाल्यावर मी कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत बसलो होतो. खोडायला दोनदा हात गेला. तरी ती ओळ ठेवली.

दुसऱ्या मुलाखतीला पडद्यावर पुन्हा त्याच बाई होत्या, बाकीचे दोघे नवीन. त्यांनी इकडेतिकडे काही न विचारता थेट सातवं बंधन उघडलं.

"हे समजावून सांगाल?"

मी सांगितलं. पाकळ्या, पाणी, उजवी, डावी. मी काही गाळलं नाही. तिघे कधी हसतात याची मी वाट बघत होतो. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, "पेडणे नाकारल्याने काय गमावतोय हे मालकाला लेखी कळवलंत?"

"हो. जोडपत्र चारमध्ये त्यांची सही आहे."

त्यांनी पानं उलटली, बघितलं. मग नव्या दोघांपैकी एकाने, हा बहुतेक कुठल्यातरी थंड देशातला असावा, अगदी गंभीरपणे विचारलं, "हा निर्णय बदलू शकतो का? देवीला पुन्हा विचारता येतं?"

"येतं," मी म्हटलं. "पण मालकाने विचारायचं. मी विचारू शकत नाही."

"आणि उद्या तिने हो म्हटलं तर तुमची रचना वाळपईहून पेडण्याला हलवायला किती वेळ लागेल?"

हा प्रश्न मला कोणी विचारेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, पण उत्तर माझ्याकडे होतं, कारण मला स्वतःला कायम तीच आशा होती. "दोन दिवस," मी म्हटलं, आणि कसं ते पडद्यावरच्या फळ्यावर काढून दाखवलं. तो मान हलवत राहिला. देवीचा विषय तिथे संपला आणि आम्ही स्टोरेजवर गेलो. सव्वा तासाने बाहेर आलो आणि गाड्यावर जाऊन चहा घेतला. बरं वाटत होतं असं म्हणवत नाही. रिकामं वाटत होतं.

निकालाचा मेल दुपारी आला, ऑफिसात. उत्तीर्ण. मी तो तीनदा वाचला, पात्रांवांना सांगितलं. ते "बरें जालें, देव बरें करूं" म्हणाले आणि औषधांची यादी बघू लागले. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो.

बायको शाळेतून आली होती. मागल्या दारी सुपात सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोलंबी, घेऊन निवडत बसली होती.

"झाला," मी म्हटलं. "पास. पुण्याक जावचा नाय."

तिने वर बघितलं, हसली. "बरा झाला." मग परत सुपात बघत म्हणाली, "उद्या शाळेत सांगूक व्हया. दोनय अर्ज माघारी घेवक व्हये."

"कसले अर्ज?"

"चेडवाच्या दाखल्याचो. आणि माझ्या रजेचो. वर्साची बिनपगारी रजा."

मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आणि हिची रजा, मला पटकन काही कळेना. "रजा कित्याक?"

"पुण्याक येवक."

"कधी दिलंस अर्ज?"

"तुमी नापास झालात त्या आठवड्यात."

"माका विचारलंस नाय?"

ती सुंगटांची डोकी मोडत होती. हात थांबला नाही, आवाजही चढला नाही. "मस्कताक जाताना तुमी माका विचारलात? तिकीट घेवन इलात आणि सांगलात. म्हणान ह्या खेपेक मी पण विचारूक नाय."

मी पायरीवर बसलो. आनंद व्हायला हवा होता आणि झालाही असेल, पण आधी लाज वाटली, सरळ साधी लाज, आणि तिच्या मागोमाग तो सगळा वर्षाचा थकवा एकदम अंगावर आला. मी पुन्हा नापास झालो असतो तरी आम्ही तिघं एकत्रच राहणार होतो. घरातल्या दोघींना हे कित्येक महिन्यांपासून माहीत होतं. मला माहीत नव्हतं.